येण्याची तयारी

प्रवासाच्या तयारीबद्दल डोंबिवलीकराला चार गोष्टी सांगायला जाणे हे तसे धाडसच. वर्षातले तीनशे दिवस एका पायावर उभे राहून, दुसरा पाय कोणाच्या तरी बुटाखाली ठेवून, ठाणे येईपर्यंत वर्तमानपत्राची घडी न मोडता अग्रलेख वाचणारी ही जमात. प्रवास म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवू नये. पण रोजच्या प्रवासात गाडी तयार ठेवण्याचे काम रेल्वेचे असते, आपले काम फक्त चढण्याचे. या सवयीमुळे एक घोटाळा होऊन बसला आहे. घरची गाडी घेऊन लांब जायची वेळ आली, की आम्ही फक्त माणसांची तयारी करतो. ती पोटापासून सुरू होते आणि डोक्यावर, माकडटोपीपाशी, संपते. चिवडा, मेथीचे लाडू, ओव्याचा अर्क, कापराची डबी, जादा चादर. ज्या वाहनात हे सगळे जायचे, त्याला एक हार घातला की झाले.

माझे भांडण या हाराशी आहे.

हाराशी वैयक्तिक वैर नाही, बरे का. आमच्या शाखेत लक्ष्मीपूजनाला तिजोरीला हार घालतात आणि तो आणायला मीच जातो. पण त्या संध्याकाळीसुद्धा रोकड मोजल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही. ‘आज हार घातलाय, आज मोजायला नको,’ असे म्हणणारा कॅशियर मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. ट्रकच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसे नेमके हेच म्हणतात.

ट्रक म्हणजे माझ्या मेहुण्याचा. बायकोचा हा धाकटा भाऊ डोंबिवलीत केटरिंग करतो. लग्नसराईत तो घरच्यांना फक्त फोटोत दिसतो. त्याच्याकडे भांडी, शेगड्या आणि सिलिंडर वाहायला एक छोटा ट्रक आहे. आमच्याकडे असल्या ट्रकला सरसकट ‘चारशे सात’ म्हणतात, मग बनवणारा कोणीही असो. टाटांचा खरा ‘चारशे सात’ १९८६ साली रस्त्यावर आला आणि वनस्पती तुपाला जसे लोक डालडाच म्हणत राहिले तसे या सगळ्या जातीला तेच नाव पडले. मेहुण्याचा ट्रक अठरा वर्षांचा. पहिल्या मालकाने तो भाड्याने चालवला, मेहुण्याने नंतर घेतला आणि घेताना जामीनदार म्हणून माझी सही घेतली. कर्ज केव्हाच फिटले, पण ट्रकविषयी मला जी काळजी वाटते तिचे मूळ त्या सहीत आहे असे बायको म्हणते.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्याने अठरा वर्षांच्या ट्रकची किंमत मला तोंडी काढता येते. भाड्याने चालणाऱ्या ट्रकवर आयकरात वर्षाला ३० टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. नवा असताना पाच लाखांचा होता असे धरले, तर अठरा वर्षांनी वहीत तो ८१४ रुपये २१ पैशांचा उरतो. या पद्धतीत कोणतीही वस्तू कधीच शून्यावर जात नाही, नुसती झिजत राहते. (बँकेतल्या बऱ्याच जणांना हा हिशेब आपल्यावरही लागू पडेल असे वाटते.) गेल्या माघात या ८१४ रुपयांच्या ट्रकला मेहुण्याने झेंडू-शेवंतीचा जो हार आणला, तो लिंबू, मिरच्या आणि नारळ धरून ८५० रुपयांचा होता.

निमित्त नर्मदा जयंतीचे. माघ शुद्ध सप्तमीला ओंकारेश्वरला परिक्रमावासीयांसाठी एका मंडळाने भंडारा ठरवला होता आणि स्वयंपाक मेहुण्याकडे होता. आचारी खांडव्यापर्यंत रेल्वेने जाणार, भांडी ट्रकने. कल्याणहून पडघ्याला आग्रा रोडला लागायचे, शहापूर, कसारा, नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर, मग सातपुडा ओलांडून सेंधवा, आणि तिथून खरगोन, सनावद करत नर्मदेवर. एका बाजूचे पाचशेच्या वर किलोमीटर, ऐन थंडीत, रात्रीचे.

बातमी फुटताच आमच्या सोसायटीत सल्लागार मंडळ बसले. ‘ए’ विंगमधले एक निवृत्त गृहस्थ दहा वर्षांपूर्वी लेहला जाऊन आले आहेत. तेव्हापासून ते ठाणे जिल्ह्यातल्या थंडीला थंडी म्हणत नाहीत, पण सल्ला मात्र देतात. त्यांनी गंभीरपणे सांगितले, की थंडीत डिझेल गोठते, तेव्हा टाकीखाली शेकोटी करावी. आता डिझेलमध्ये मेण असते आणि फार थंडीत ते साकळून फिल्टर तुंबतो, हे खरे आहे. लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली खरोखरच जाळ करत. २०१९ साली इंडियन ऑइलने तिथल्यासाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे वेगळे डिझेल आणले, ते याचसाठी. पण आमच्या वाटेवरचे थंडीचे सर्वांत मोठे ठाणे निफाडचे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथला पारा २ अंशांच्या आसपास उतरला, तेव्हा तो पेपरात पहिल्या पानावर आला. या थंडीत द्राक्षाचे घड धास्तावतात, डिझेल नव्हे. हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, “तुम्ही लेहला गेला आहात का?” मी गेलेलो नाही, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

सासूबाईंनी सहा माकडटोप्या दिल्या. ट्रकमध्ये माणसे दोन, ड्रायव्हर आणि क्लिनर. भजनी मंडळातल्या सात जणांनी ‘हौद्यात दोन गाद्या टाकल्या की आम्हीही येतो, नामस्मरण होईल,’ असा प्रस्ताव मांडला. हा मात्र मी बँकेच्या आवाजात फेटाळला. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवले आहे. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “आम्ही विम्यासाठी येत नाही हो.” त्यांना रेल्वेची तिकिटे काढून दिली.

मग पेंटर आला. अठरा वर्षांचा ट्रक तीर्थाला जायचा म्हणजे पाठीवर काही तरी पाहिजे. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला आपल्याकडे २०१५ साली परिवहन आयुक्तांनी बंदी केली, तेव्हा त्याने त्या जागी मोर काढला. मोर सुरेख होता. पिसारा इतका फुलला, की मागच्या फळीवरची लाल चकाकणारी पट्टी, जी रात्री मागून येणाऱ्याला ट्रक दिसावा म्हणून असते, ती पूर्ण पिसाऱ्याखाली गेली. माघातली रात्र बारा-तेरा तासांची. त्यात पिंपळगावपासून उमराण्यापर्यंत रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर. त्यातल्या निम्म्यांना मागे दिवा म्हणजे काय ते ठाऊक नसते. अशा अंधारात आमचा मोर न दिसता नाचत जाणार होता. मेहुणा म्हणाला, “भावोजी, दिवसा बघा ना कसा उठून दिसतो!”

यापैकी कोणावरही माझा राग नाही. माणसे प्रेमानेच करतात. पण या सगळ्या तयारीची गंमत पाहा. शेकोटी, टोप्या, गाद्या, मोर, हार, सगळे काही निघण्यापुरते आहे. नारळ फुटला, चाकाखालचे लिंबू फुटले, सगळ्यांनी हात हलवले, तयारी संपली. आणि मला जे ओरडून सांगायचे आहे ते असे, की या रस्त्यावर जाणे हा प्रश्नच नाही. प्रश्न येण्याचा आहे.

नकाशा घेऊन बघा. आपण समुद्रकाठचे लोक. इथून उत्तरेला निघालो की जाताना घाट चढायचे आणि येताना उतरायचे. कसारा जाताना चढ. सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट जाताना चढ. चढावर जुना ट्रक काय करतो? दमतो, धूर सोडतो, तापतो, फार तर उभा राहतो. उभ्या राहिलेल्या ट्रकाने आजवर कोणाला हॉटेलात शिरून मारलेले नाही. उतारावरचा ट्रक तसा नसतो. ४ जुलै २०२३ ला बिजासन घाट उतरून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर पळासनेरला ब्रेक निकामी होऊन गाड्यांना उडवत थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. निदान दहा माणसे गेली. त्यातली काही नुसती रस्त्याकडेला उभी होती. त्यांनी कसलीही तयारी करण्याचा प्रश्नच नव्हता. ती तयारी त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी करायची होती.

मेहुणा म्हणाला, “पण कसारा आता लागतोच कुठे? समृद्धीने येऊ.” इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि घाटाऐवजी जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा मिळाला, हे बरोबर. पण इगतपुरी आहे तिथेच आहे, समुद्रापासून सहाशे मीटर उंच. बोगदा खणला म्हणून ती खाली बसलेली नाही. वळणे वाचतील, उतरायचे ते उतरावेच लागेल. आणि बिजासनचे काय?

कल्याणच्या माणसाला खरे तर हे रक्तातच माहीत असायला हवे. कसारा ते इगतपुरी रेल्वेची चढण ३७ ला १. म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की एक फूट वर. त्या चढाला गाडीमागे जोर लावायला जादा इंजिने लावतात. त्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. नात्यातल्या सगळ्यांना मागून ढकलत असल्याने हा शब्द मला अगदी जवळचा वाटतो. पण रेल्वेचे खरे शहाणपण उताराकडे आहे. घाटात उतरणारी गाडी ताब्यात राहिली नाही तर ती सोडून द्यायला मुख्य रुळाला फुटलेला एक वेगळा, चढावर जाणारा रूळ बांधून ठेवलेला असतो. गाडी त्यावर चढत चढत आपोआप थांबावी म्हणून. इंग्रजाने तोफा, पलटणी, टेलिग्राफ सगळे असताना घाटापुढे एवढी नम्रता दाखवली. आमचा मेहुणा ८५० रुपयांचा हार दाखवतो.

“ब्रेक लागतात ना?” हे त्याचे ठरलेले उत्तर. ब्रेक लागतातच. डोंबिवलीत सगळ्यांचेच ब्रेक लागतात, कारण मानपाडा रोडवर कोणाची गाडी वीसच्या पुढे जाते? तिथे ब्रेक लागणे आणि दोन टन भांडी घेऊन पाच-सात किलोमीटर उतरताना लागत राहणे, यात फरक आहे. पाय पेडलवर ठेवून उतरले की लायनर तापतात. तापले की त्यांची पकड सुटते. चाकापाशी उष्णता पोचली की ब्रेक ऑइलही तापते. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेणारे असते. दोन-तीन वर्षे बदलले नसेल तर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि मग पेडल दाबले की ते स्पंजासारखे खाली जाते, ट्रक मात्र आपल्या गतीने पुढे. घरी परत आल्यावर, थंड झाल्यावर, ब्रेक पुन्हा उत्तम लागतात. म्हणून मेहुण्याच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते.

त्यावर कडी म्हणजे ‘न्यूट्रल मारणे’. उतारावर गिअर काढून, काही वीर तर इंजिनच बंद करून, ट्रक सोडतात. का, तर डिझेल वाचते. मेहुण्यानेही निघण्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हरला हा उपदेश केला. ज्या ट्रकला पेडल हलके करणारा बूस्टर असतो त्याचा जोर इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की दोन-चार दाबांत पेडल दगड होते. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने पन्नासएक गाड्यांना धडक दिली, तेव्हा ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केले होते असे पोलिसांनी सांगितल्याचे आपण सगळ्यांनी वाचले. वाचून आपण च्‌ च्‌ केले आणि पान उलटले. शिवाय काटकसरीचा हिशेबही चुकीचा आहे. ट्रक गिअरमध्ये असताना पाय काढला, की उतारच इंजिन फिरवतो आणि पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा नियम मला माझ्या पदवीने नव्हे, त्या ट्रकच्या ड्रायव्हरने सांगितला.

त्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात. वय अठ्ठावन्न. मूळचे जुन्नरकडचे, पस्तीस वर्षे स्टिअरिंगवर. ट्रक ज्या दिवशी मोराने सजत होता त्या दिवशी मामा खाली, टायरांपाशी, उकिडवे बसले होते. हातातल्या टॉमीने ते एकेक टायर ठोकत आणि डॉक्टर पाठीवर बोटे वाजवून ऐकतात तसे ऐकत. ठणका आला तर हवा ठीक, भद्द वाजले तर कमी. पुढच्या डावीकडच्या टायरपाशी थांबून म्हणाले, “साहेब, ह्याचा गोटा झालाय. मागचा रबर चढवलेला आहे, तो पुढं घालता येत नाही. पुढं फुटला तर गाडी हातात राहत नाही. शेठना सांगा.”

“तुम्हीच का सांगत नाही?”

“मी सांगितलं तर शेठ म्हणतात, मामा आता म्हातारे झाले, घाबरतात.”

मी मामांबरोबर तासभर ट्रकभोवती फिरलो. अशी तपासणी फिटनेसच्या कागदात नसते. कागद होता आणि खराही होता. आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. पण आमच्याकडे कागदाचा अर्थ असा लावतात, की एक दिवस ठणठणीत असलेला ट्रक उरलेले ३६४ दिवस कायद्याने ठणठणीत राहतो. मामा कागदाला हात जोडतात आणि खाली वाकतात. मागच्या चाकाचे लायनर रिबिटापर्यंत आले होते. फॅन बेल्टला केसासारखी चीर. मागचा एक दिवा गेलेला, दुसरा ब्रेक मारला की विझायचा. म्हणजे ज्या क्षणी मागच्याला सांगायचे त्याच क्षणी गप्प. बॅटरी पहाटेच्या थंडीत दम टाकायची. म्हणून मामा ट्रक रोज रात्री उतारावर उभा करतात. पहाटे सेल्फ लागला नाही, तर सोडून द्यायचा आणि दुसऱ्या गिअरमध्ये चालू करायचा. केबिनच्या फळीला मामांच्या पायाशी मुठीएवढे भोक. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना ड्रायव्हरसाठी वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. आमच्या जुन्या ट्रकात वातानुकूलन त्या भोकातून, तेही फक्त हिवाळ्यात. मामा तिथे गोणपाट कोंबतात. सासूबाईंच्या सहा टोप्यांपैकी एकही मामांच्या पायाला बसण्यासारखी नव्हती.

ही यादी मी मेहुण्यापुढे ठेवली. तो चिडला.

“भावोजी, तुम्ही बँकेत कारकून. तुम्हाला ट्रकमधलं काय कळतं?”

“काहीच नाही. म्हणून मी मामांना विचारलं. तू विचारलंस का?”

“अहो, अठरा वर्षं गाडी चालतेय!”

हा युक्तिवाद मला नेहमी थक्क करतो. अठरा वर्षे चालली, म्हणून काळजी नको. हेच वाक्य उलटे करून आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात, ‘अठरा वर्षं झाली, भंगारात काढ, नवी घे.’ दोघेही ट्रकखाली वाकून पाहायला तयार नाहीत, इतपत त्यांचे एकमत आहे. जुना ट्रक भंगार नसतो आणि अमरही नसतो. त्याला फक्त विचारपूस लागते, घरातल्या म्हाताऱ्यासारखी. आणि नवा ट्रक घेऊन त्याच्यावर तीन रात्री न झोपलेला माणूस बसवलात, तर कोणता घाट वाचवेल?

कारण खरी मेख लायनरमध्येही नव्हती. ती मेहुण्याच्या डायरीत होती. सप्तमीला ओंकारेश्वरचा भंडारा, आणि अष्टमीला संध्याकाळी कल्याणला एक रिसेप्शन, पाचशे पानांचे. भांडी तीच. म्हणजे मामांनी सप्तमीला पंगती उठल्या की भांडी भरायची, रात्रभर चालवत बिजासन उतरायचा, पहाटे डोळे मिटायच्या वेळी इगतपुरीहून खाली यायचे आणि दुपारी कल्याणला भांडी उतरवायची. “रात्री ट्रॅफिक नसतो,” मेहुणा म्हणाला. हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारले त्याने या देशातल्या ड्रायव्हरांची जितकी झोप खाल्ली असेल तितकी ढेकणांनीही खाल्लेली नाही. तशात निघण्याआधीच्या आठवड्यात मामांच्या तीन रात्री लग्नांत गेल्या होत्या. मोटार वाहतूक कामगारांसाठी नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. हा कायदा मी मामांना वाचून दाखवला. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“साहेब, हे कोणत्या देशातलं?”

मी मेहुण्याला म्हणालो, “ब्रेक बदल, टायर बदल, ते मी तुझ्याकडून करून घेईनच. पण ही तारीख बदल.”

“पार्टीला काय सांगू? माझा ड्रायव्हर झोपलाय?”

“कल्याणला भांडी भाड्यानं घे.”

“मी? मी केटरर! लोक हसतील मला.”

“किती लागतील?”

“सात-आठ हजार.”

आठ हजार! माणसाची एक रात्रीची झोप आठ हजारांना मिळत होती आणि तो घासाघीस करत होता. त्याच्या जागी कोणीही असते तर हेच केले असते, हे मी मान्य करतो. धंदेवाल्याला ८५० रुपयांचा हार खर्च वाटत नाही, कारण तो दिसतो. ३,५०० रुपयांचा मोर तर जाहिरातच. झोप हौद्यावर रंगवता येत नाही. मी बराच वेळ बोललो. हवे तर याला भांडण म्हणा. ते भांडण बायकोपर्यंत गेले, सासूबाईंपर्यंत गेले. सासूबाई सगळे ऐकून एवढेच म्हणाल्या, “त्या मामांना घरी कोण कोण आहे रे?” मेहुण्याला माहीत नव्हते. अकरा वर्षे मामा त्याच्याकडे आहेत.

बायको आहे, एक मुलगी धुळ्याला दिलेली, एक मुलगा अंबरनाथला कारखान्यात.

भांडी भाड्याने आली. लायनर, पुढचे दोन टायर, ब्रेक ऑइल, बेल्ट, बॅटरी, मागचे दिवे हे सगळे झाले. लाल पट्टी दिसावी म्हणून मामांनी मोराचा पिसारा खालून वीतभर खरवडला. आता तो मोर लांडोरीकडे झुकतो. चाकाखाली घालायला सागवानी ठोकळे मामांनी स्वतः तासून आणले. ट्रक गेला. मामा सप्तमीची रात्र नर्मदेकाठी धर्मशाळेत झोपले. अष्टमीला उन्हे चढल्यावर निघाले आणि उतारापूर्वी बिजासनी देवीपाशी ट्रक तासभर उभा केला. उतरून झाल्यावर पुन्हा अर्धा तास, चाकांना हात लावून बघायला. मेहुणा फोनवर, “मामा, किती वेळ उभे?” मामा म्हणे, “शेठ, दर्शन चाललंय.” परतताना मुलीकडे, धुळ्याला, मुक्काम केला. नवमीला दुपारी मोर डोंबिवलीत.

पुढच्या रविवारी मेहुणा हिशेबाची वही घेऊन आला. असल्या वह्या जुळवायला तो मलाच बसवतो. हार, नारळ, लिंबू-मिरच्या असे वेगळे खाते होते, ‘पूजा’ म्हणून. मोर ‘जाहिरात’मध्ये. लायनर, टायर, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि भाड्याची भांडी मात्र एका ओळीत, ‘किरकोळ’. तीस-बत्तीस हजारांची किरकोळ मी आयुष्यात प्रथमच पाहिली. म्हटले, “अरे, याला स्वतंत्र खातं कर. दर वर्षी लागणार आहे हा खर्च.”

त्याने नवे पान उघडले, समास आखला, जरा विचार केला आणि वर ठळक अक्षरात लिहिले, ‘भावोजी खाते’.